मिलिशियातला पूर्वज शोधायचा तर हिशेबाचे कागद धरा

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात आपलं कुणी होतं का, हे शोधायला बसणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी वॉशिंग्टनच्या सैन्यात शिरतात आणि तिथेच हरवतात. त्यांचा माणूस बहुधा त्या सैन्यात नसतोच. तो असतो मिलिशियात. वर्षभर नांगर धरायचा, बोलावणं आलं की दोन महिने बंदूक घेऊन जायचं आणि मुदत संपली की शेतावर परत यायचं, असा त्याचा खाक्या. अशा माणसाच्या मागे पराक्रमाची कागदपत्रं राहत नाहीत. राहतात ती कर, दंड, पेन्शन आणि वाटणीची. जिथे पैसा हलला तिथे कुणीतरी नाव लिहून ठेवलं, एवढं धरून चाला.

मी तलाठी होते. सातारा जिल्ह्यातल्या सजांवर नोकरी झाली, निवृत्त झाले, आणि आता वर्षातले काही महिने लेकीकडे पेनसिल्व्हेनियात असते. जावई तिथलाच, जर्मन वंशाचा. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या अ‍ॅलनटाउनच्या आसपास शेती करत आलेलं. नात अठराची झाली तेव्हा विहीणबाईंनी तिला ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन’चं सभासद करायचं मनावर घेतलं. ही १८९० साली निघालेली बायकांची संस्था, सगळे तिला डीएआर म्हणतात. पुरुषांची ‘सन्स’ त्याच्या आदल्या वर्षीची. सभासद व्हायचं तर दोन गोष्टी लागतात: पूर्वजाने स्वातंत्र्याच्या बाजूने काही केल्याचा पुरावा, आणि त्याच्यापासून आपल्यापर्यंत प्रत्येक पिढी कागदाने जोडलेली. विहीणबाईंकडे एक बायबल होतं आणि एक गोष्ट होती. बाकीचं माझ्या गळ्यात पडलं, कारण आयुष्यभर वारस नोंदी केलेली दुसरी कुणी घरात नव्हती.

पुढचं सगळं पेनसिल्व्हेनियापुरतं आहे. दुसऱ्या राज्यात दफ्तरांची नावं बदलतील, शोधायची रीत फारशी बदलणार नाही.

आधी वारस, मग वीर

युद्धातलं नाव सापडणं सोपं असतं. तो माणूस आपलाच, हे दाखवणं अवघड. म्हणून सुरुवात आपल्या टोकाकडून करा आणि एकेक पिढी मागे जा. मधली पिढी गृहीत धरून उडी मारू नका. त्या भागात एका नावाचे तीन-चार माणूस एकाच वेळी जिवंत असतात.

अलीकडच्या पिढ्यांना जन्माचे आणि लग्नाचे अधिकृत दाखले लागतात. आमच्या नातीच्या साखळीतला एक कागद ठाणे महानगरपालिकेचा विवाह नोंदणी दाखला आहे, मराठीतला. लेकीचं लग्न तिकडे नोंदलेलं. त्याचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागलं. परदेशात लग्न-मुंजी झालेल्या घरांनी ही तयारी आधीच करावी, शेवटच्या क्षणी भाषांतरकार शोधत बसायची वेळ येते.

पेनसिल्व्हेनियात राज्याच्या पातळीवर जन्म-मृत्यूची नोंद १९०६ पासून सुरू झाली. जन्माच्या नोंदी १०५ वर्षांनी आणि मृत्यूच्या ५० वर्षांनी सर्वांना पाहायला खुल्या होतात. मृत्यूच्या दाखल्यावर आई-वडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. त्यामुळे १९१० साली ऐंशीव्या वर्षी गेलेल्या म्हातारीचा दाखला तुम्हाला एका फटक्यात १८०० च्या आसपास जन्मलेल्या आई-बापापर्यंत नेतो. फक्त ती माहिती देणारा मुलगा किंवा जावई असतो, त्याने ती ऐकीव दिलेली असते, हे ध्यानात ठेवा.

मग जनगणना. ती दर दहा वर्षांनी, १७९० पासून. पण १८५० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. बाकीची माणसं म्हणजे वयाच्या रकान्यातले नुसते आकडे. १८५० पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव येतं, आणि प्रमुखाशी नातं काय ते १८८० पासून. १८९० ची जवळजवळ सगळी गेली, १९२१ च्या आगीनंतर.

म्हणजे खरी खिंड १७९० ते १८५० ही. बहुतेकांचं संशोधन इथे अडतं आणि इथेच लोक इंटरनेटवरची तयार वंशावळ उचलतात. उचलू नका. दहा वंशवृक्षांवर एकच बाप लिहिलेला असला तरी ते दहा पुरावे होत नाहीत, नऊ जणांनी पहिल्याची नक्कल केलेली असते.

या खिंडीत माझ्या सर्वांत उपयोगी पडलं ते ऑर्फन्स कोर्टाचं दफ्तर. नावावर जाऊ नका, तिथे फक्त अनाथांचं काम चालत नसे. माणूस मृत्युपत्र न करता गेला आणि जमीन मागे राहिली की प्रकरण तिथे जाई. कोर्ट जमिनीची पाहणी करवून घेई, किंमत ठरवी, आणि वाटून तुकडे करण्यात अर्थ नसेल तर आधी थोरल्या मुलाला विचारी: ठरलेल्या किमतीला घेतोस का? तो घेई आणि भावंडांना त्यांचा वाटा रोख देई. १७९४ पर्यंत थोरल्याला दुप्पट वाटा मिळत असे. या सगळ्या व्यवहारात प्रत्येक मुलाचं नाव लिहिणं भाग होतं. कोण अल्पवयीन, त्याचा पालक कोण, कुठली मुलगी कुणाला दिली, सगळं येतं. आपल्या सहा-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, बहिणींची नावं घालायला भावांच्या कपाळावर आठ्या पडताना मी नोकरीभर पाहिल्या. इथे दोनशे वर्षांपूर्वीच्या पानावर जावयांसकट पाच बहिणी ओळीने लिहिलेल्या पाहून मला फार बरं वाटलं.

आता महत्त्वाचा मुद्दा: हे दफ्तर कुठे? जिल्हे फुटत गेले आहेत. आमच्या मंडळींचं गाव मकुंजी टाउनशिपमध्ये, आजच्या लीहाय काउंटीत. काउंटी म्हणजे जिल्हा, टाउनशिप म्हणजे त्याचा पोटभाग. पण लीहाय काउंटी झाली १८१२ साली, त्याआधी तो सगळा भाग नॉर्थॅम्प्टन काउंटीत होता, आणि नॉर्थॅम्प्टन स्वतः १७५२ ची. म्हणून १८१२ आधीचे कागद लीहायच्या मुख्यालयी अ‍ॅलनटाउनला नाहीत, नॉर्थॅम्प्टनच्या मुख्यालयी ईस्टनला आहेत. कुटुंब जागचं हललेलं नसतं, दफ्तर बदललेलं असतं. शोधायला बसण्यापूर्वी गावाच्या नावापुढे कोणत्या साली कोणता जिल्हा हे लिहून काढा. मॉन्टगोमेरी १७८४ साली फिलाडेल्फियातून निघाली, डॉफिन १७८५ साली लँकेस्टरमधून. असं प्रत्येक ठिकाणी आहे.

दुसरी खोच नावांची. जर्मन घरांत मुलाला दोन नावं देत, पहिलं बहुधा ‘योहान’. तीन भाऊ, तिघेही योहान: योहान याकोब, योहान गेओर्ग, योहान पेटर. हाक दुसऱ्या नावाने. इंग्रज कारकुनाच्या यादीत तेच जेकब, जॉर्ज, पीटर होतात. आडनाव तर ऐकू येईल तसं लिहिलेलं: श्नायडरचा स्नायडर, बाउअरचा बॉवर, आणि कधी चक्क अर्थ लावून त्सिमरमानचा कार्पेंटर. ‘ज्युनिअर’ लिहिलंय म्हणून तो मुलगाच, असंही नाही. गावात एकाच नावाचे दोघे असले तर लहान तो ज्युनिअर. काका-पुतणेसुद्धा असू शकतात.

लुथरन आणि रिफॉर्म्ड चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या यावर उतारा. बाळ, आई-बाप, तारीख आणि साक्षीला उभे राहिलेले लोक. हे साक्षीदार बहुधा मामा-मावश्या, काका-आत्या. आईचं माहेर कुठेच लिहिलेलं नसेल तर तीन-चार मुलांचे साक्षीदार एकाखाली एक मांडा, माहेर डोकं वर काढतं. काही घरांत ‘टाउफशाइन’ असतो, म्हणजे पक्षी-फुलं रंगवलेला जन्म-बाप्तिस्म्याचा कागद. विहीणबाईंकडे तो दिवाणखान्यात फ्रेम करून लावलेला होता आणि त्यावरचा जर्मन मजकूर कुणी वाचलेला नव्हता. त्यात टाउनशिपचं नाव होतं.

मिलिशियाचा कागद वाचायचा कसा

क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवलेल्या या प्रांतात सक्तीचा मिलिशिया बरीच वर्षं नव्हता. युद्धाच्या सुरुवातीला जे होते ते स्वेच्छेने आलेले, त्यांना ‘असोसिएटर’ म्हणत. १७ मार्च १७७७ ला कायदा आला आणि १८ ते ५३ वयाच्या प्रत्येक गोऱ्या पुरुषाचं नाव यादीत घालणं सक्तीचं झालं. आपल्याकडे तेव्हा बारभाईंचा कारभार चालू होता, आणि इंग्रजांशी तंटा आपलाही होता.

प्रत्येक काउंटीवर एक लेफ्टनंट, हाताखाली सब-लेफ्टनंट. काउंटीच्या बटालियन, बटालियनच्या आठ कंपन्या, म्हणजे तुकड्या, आणि कंपनीतल्या माणसांचे चिठ्ठ्या टाकून आठ वर्ग. बोलावणं वर्गाप्रमाणे येई: या खेपेला पहिला आणि दुसरा, पुढच्या खेपेला तिसरा आणि चौथा. खेप दोन महिन्यांची. जायचं नसेल तर बदली माणूस द्या, नाहीतर दंड भरा.

पेनसिल्व्हेनिया राज्य अभिलेखागाराने या सगळ्याची कार्डं करून ठेवली आहेत, ती घरबसल्या दिसतात. ‘पेनसिल्व्हेनिया आर्काइव्हज’ या छापील ग्रंथमालेच्या पाचव्या आणि सहाव्या मालिकेत मिलिशियाच्या याद्या आहेत, तिसऱ्यात कराच्या. आमचं कार्ड असं: वर नाव आणि आडनाव, तेही वेगळ्याच स्पेलिंगने. खाली हुद्दा प्रायव्हेट, म्हणजे साधा शिपाई. मग वर्ग पाचवा, काउंटी नॉर्थॅम्प्टन, कॅप्टनचं नाव, बटालियनचा आकडा, साल. बस. कुठे लढला, काय केलं, काही नाही.

विहीणबाई एवढ्यावर खूश झाल्या होत्या. पण हे कार्ड सांगतं ते इतकंच की त्या वर्षी तो माणूस त्या टाउनशिपमध्ये राहत होता, १८ आणि ५३ च्या दरम्यान होता आणि कवायतीच्या यादीत होता. अभिलेखागार स्वतःच दोन भाग करतं: ‘इनॅक्टिव्ह ड्यूटी’ म्हणजे कवायतीपुरता हजर, ‘अ‍ॅक्टिव्ह ड्यूटी’ म्हणजे खरोखर बोलावणं येऊन गेलेला. पगाराच्या यादीत नाव, किंवा नेमक्या तारखांमध्ये हजर असल्याची नोंद मिळाली तर तो गेला होता असं म्हणा, एरवी म्हणू नका.

इथेच नवखे लोक फसतात. बोलावणं आलं की वेगवेगळ्या कंपन्यांतले तेच वर्ग एकत्र करून तात्पुरती बटालियन उभी करत. तिचा कॅप्टन वेगळा, आकडा वेगळा. मग एकाच साली आपला माणूस दोन कॅप्टनांखाली दिसतो आणि आपल्याला वाटतं हे दोन माणूस. १७८० साली नवा कायदा आला, तेव्हा त्याआधीचा आणि नंतरचा बटालियनचा आकडा एकमेकांशी जुळवायला जाऊ नका. टाउनशिप आणि कंपनीतल्या शेजाऱ्यांची नावं जुळवा. माणसं आकड्यांपेक्षा भरवशाची.

दंडाची यादीही सोडू नका. विहीणबाईंच्या आईकडचा एक पूर्वज मेनोनाइट, धर्माने शस्त्र वर्ज्य. त्याचं नाव फक्त दंडाच्या यादीत निघालं आणि त्यांचा चेहरा पडला. त्या काळात या लोकांचे हाल झाले होते. १७७८ मध्ये अप्पर सॉकनमधल्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी नव्या राज्याशी निष्ठेची शपथ घेतली नाही म्हणून त्यांची चीजवस्तू विकून टाकली. दंडाची नोंद म्हणजे सेवा होत नाही हे खरं, पण अमुक साली अमुक गावी राहत होता याचा इतका चोख पुरावा दुसरा मिळणार नाही.

सेवा फक्त बंदुकीचीच धरतात असंही नाही. निष्ठेची शपथ, सैन्यासाठी पुरवठा कर भरणं, धान्य-जनावरं देणं, हेसुद्धा डीएआर मान्य करते. म्हणून तिसऱ्या मालिकेतल्या कराच्या याद्या उघडाच. एकर, घोडे, गाई, कर. मला तर त्या पानांवर सातबाराचाच वास आला.

पेन्शनची फाइल, आपली नसली तरी

८ नोव्हेंबर १८०० ला युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि सुरुवातीचे बहुतेक कागद जळाले. म्हणून पुढे पेन्शन मागायला आलेल्या म्हाताऱ्यांना कोर्टात उभं राहून सगळं तोंडी सांगावं लागलं. आपलं नशीब, ते लिहून घेतलं गेलं. अशा जवळपास ८०,००० फाइली राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांच्या ऑनलाइन कॅटलॉगवर फुकट पाहता येतात. फोल्डथ्री या संकेतस्थळावर पैसे भरून चाळायला सोप्या जातात.

कायद्यांचा क्रम पाठ करा, नाहीतर भलत्या जागी शोधाल. १८१८ चा कायदा फक्त कॉन्टिनेंटल, म्हणजे वॉशिंग्टनच्या कायम सैन्यातल्या गरजूंसाठी होता, आणि १८२० पासून घरातल्या वस्तूंची यादीही मागू लागले. मिलिशियावाल्यांसाठी दार उघडलं ७ जून १८३२ ला: दोन वर्षं सेवा असेल तर पूर्ण पगार, किमान सहा महिने असेल तर त्या प्रमाणात. १८३६ आणि १८३८ मध्ये विधवांची सोय झाली. १८५५ मध्ये चौदा दिवस सेवा केलेल्यालाही १६० एकर जमिनीचा हक्क मिळाला.

दोन महिन्यांची एक खेप, म्हणजे सहा महिन्यांना तीन खेपा. दोनच खेपा केलेल्याचा अर्ज फेटाळला जाई. फाइलवर ‘आर’ असेल तर ती फेटाळलेली. टाकून देऊ नका. दिवस कमी भरले म्हणून फेटाळली असेल तर माणूस खोटं बोलला असं होत नाही, आणि कहाणी तर पूर्ण असतेच. ‘एस’ म्हणजे तो स्वतः जिवंत असताना. ‘डब्ल्यू’ म्हणजे विधवेची, आणि या सर्वांत श्रीमंत. लग्नाचा दाखला नसल्याने बायकांनी घरच्या बायबलातली जन्म-लग्नांची पानं फाडून, कधी रंगीत टाउफशाइन जोडून दिले आहेत. ते परत गेले नाहीत, आजही फाइलीत आहेत. तुमच्या घरच्या बायबलातलं एखादं पान गायब असेल तर आधी ही फाइल पाहा.

आमचा माणूस १८३२ च्या आधीच गेला, बायको त्याच्याही आधी. फाइल नाही. अशा वेळी त्याच्या कंपनीची यादी घ्या आणि एकेक नाव पेन्शनच्या सूचीत टाका. कुणी ना कुणी ऐंशी वर्षं जगलेला असतो. तो ओहायोत जाऊन राहिलेला असेल, अर्ज तिथल्या कोर्टात असेल. १८३२ च्या अर्जदारांना ठरावीक प्रश्न विचारत: जन्म कुठे आणि कधी, वयाची नोंद कुठे आहे, बोलावणं आलं तेव्हा कुठे राहत होतास, स्वखुशीने गेलास, पाळीने की कुणाच्या बदली, बरोबर कोणकोण अधिकारी होते, सुटीचा कागद मिळाला का. शेजाऱ्याने दिलेली ही उत्तरं वाचली की कॅप्टन तोच, वर्ग तोच, खेप तीच असेल तर आपल्या माणसाची वाटही कळते. सेवेचा पुरावा त्याची पगाराची नोंदच राहते, पण तो कुठल्या रस्त्याने गेला आणि कुठे मुक्काम पडला ते या शेजाऱ्याकडून.

घरच्या गोष्टीची तपासणी

विहीणबाईंची गोष्ट अशी की त्यांच्या पूर्वजाने नाताळच्या रात्री वॉशिंग्टनबरोबर डेलावेअर नदी ओलांडली. २५ डिसेंबर १७७६ ची रात्र. त्या रात्री वॉशिंग्टन पार झाला, पण नदीच्या खालच्या अंगाला ब्रिस्टलजवळ कॅडवॅलेडर या सेनाधिकाऱ्याबरोबर असलेले असोसिएटर आणि ट्रेंटनसमोर युइंग या दुसऱ्या अधिकाऱ्याबरोबर असलेला मिलिशिया बर्फामुळे अडकला. कॅडवॅलेडर पार गेला २७ तारखेला. म्हणून ‘मिलिशियात होता’ आणि ‘त्या रात्री ओलांडली’ ही दोन वाक्यं एकत्र आली की थांबायचं. ब्रँडीवाइनच्या लढाईचंही तसंच. ११ सप्टेंबर १७७७ ला जनरल आर्मस्ट्राँगच्या हाताखालचा पेनसिल्व्हेनियाचा मिलिशिया डाव्या टोकाला पाइल्स फोर्डवर होता आणि मुख्य लढाई झाली उजवीकडे. तिथे हजर असलेल्याने दिवसभर फक्त तोफा ऐकल्या असतील. हे मी विहीणबाईंना लेकीच्या तोंडून सांगितलं. त्या म्हणाल्या, गोष्ट आम्ही सांगणारच. सांगा की, अर्जात लिहू नका एवढंच.

कबरीवरचा ब्राँझचा बिल्ला हाही पुरावा धरू नका, तो पुढच्या पिढ्यांनी लावलेला असतो. डीएआरच्या संकेतस्थळावर पूर्वजांची सूची फुकट पाहता येते, ती मात्र जरूर पाहा. पूर्वीच्या कुणी त्याच माणसावरून सभासदत्व घेतलं असेल तर काही पिढ्या जोडलेल्या मिळतात. पण जुन्या काळचे अर्ज बरेच सैल मान्य झालेले आहेत. नावासमोर पुढच्या अर्जदारांनी सेवा किंवा वंश नव्याने सिद्ध करावा असा शेरा असेल, तर ती साखळी पुन्हा कागदाने बांधायची.

आमची एक जोडणी अजून बाकी आहे: मिलिशियातला माणूस आणि १८५० च्या जनगणनेतला म्हातारा, या दोघांमधली. मृत्युपत्र नाही, ऑर्फन्स कोर्टातही काही नाही. अशा वेळी खरेदीखतं. ईस्टनला दोन सूच्या आहेत, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. दोन्ही चाळायच्या, सगळ्या स्पेलिंगने, आणि मृत्यूनंतर वीस-तीस वर्षांपर्यंत, कारण खत करणारे लगेच नोंदवायला जात नसत. खताच्या पोटात ही जमीन विकणाऱ्याकडे कशी आली ते लिहिलेलं असतं, कधी कधी तीन-तीन मालक मागे जाऊन. आणि विकणाऱ्यांच्या जागी एका ओळीत सहा-सात नावं असतील, काही एकाच आडनावाची आणि काही ‘आणि त्याची पत्नी’ अशी, तर ती भावंडं आहेत असं समजून वाचायला घ्या.